धूर परत एंजिनात का पाठवतात?



गेल्या वर्षी माझ्या डिझेल मोटारीचे ॲव्हरेज उतरले. ॲव्हरेज म्हणजे खरे तर सरासरी. पण आपल्याकडे गाडीच्या बाबतीत या शब्दाला एकच अर्थ उरला आहे, तो म्हणजे एका लिटरात गाडी किती किलोमीटर जाते. माझी गाडी जुनी, वापरलेली घेतलेली. पंधराच्या आसपास देत असे, ती तेरावर आली. चढाला दम टाकू लागली आणि वेग घेताना मागून काळा लोट सोडू लागली. जालन्यात अंबड चौफुलीच्या बाजूला एका मिस्त्रीकडे मी ती नेली. त्याने बॉनेट उघडले, पाच मिनिटे कान देऊन ऐकले आणि निकाल दिला, “सर, ई.जी.आर.नं खाल्लंय तुमचं ॲव्हरेज. पत्रा टाकून बंद करून देतो. अर्ध्या तासाचं काम. दीड-दोन किलोमीटर वाढलंच समजा.”

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण कोणी ‘फुकटात फायदा’ म्हटले, की तो खर्च कोणाच्या नावावर पडला हे विचारण्याची अर्थशास्त्राच्या मास्तराला खोड असते. मी म्हटले, “बंदच करायचा, तर कंपनीनं बसवला कशाला?” तो हसला. “ते सरकारच्या नियमापायी, सर. सायलेन्सरकडं चाललेला धूर परत एंजिनात घालतात. आपलंच उष्टं आपल्याला वाढल्यासारखं आहे ते.”

उपमा मला आवडली. आणि ती निम्मी खरीही आहे. एंजिनाला त्याचे उष्टे का वाढतात, त्यापायी डिझेल खरोखर किती जास्त जळते, आणि पत्रा टाकला तर काय होते, याची मी त्यानंतर बरीच चौकशी केली. तीच आज तुमच्यापुढे मांडतो. आपल्या जिल्ह्यात ज्याच्या दारात डिझेलची जीप, पिकअप किंवा मालट्रक उभा आहे, त्याला हा सल्ला आज ना उद्या मिळणारच आहे.

आधी एंजिनात काय घडते ते पाहू. पेट्रोलच्या एंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या एंजिनात लागत नाही. तिथे नुसती हवा आत घेतात आणि दट्ट्याने ती सोळा-सतरा पट दाबतात. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तेच इथे मोठ्या प्रमाणात होते. दाबलेली हवा सहाशे अंशांच्या आसपास तापते आणि त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. त्या ज्योतीच्या पोटात उष्णता दोन हजार अंशांच्या वर जाते.

इथून भानगड सुरू होते. आपण जी हवा घेतो, तिच्यात शेकडा ७८ भाग नत्रवायू आणि २१ भाग प्राणवायू असतो. हे दोघे एरवी शेजारी शेजारी राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. मात्र उष्णता दीड हजार अंशांच्या पुढे गेली की त्यांची सोयरीक जुळू लागते, आणि पुढे जो जो ताप वाढतो तो तो ती फार झपाट्याने जुळते. त्यातून नत्राची ऑक्साइडे तयार होतात. शेतकरी मंडळींना हा प्रकार दुसऱ्या रूपाने माहीत आहे. आकाशात वीज कडाडते तेव्हा तिच्या वाटेवरची हवा भयंकर तापते, नत्र आणि प्राणवायू एकत्र येतात आणि पावसाबरोबर थोडे नत्र जमिनीत उतरते. विजांच्या पावसाने पीक हिरवे होते असे म्हातारी माणसे म्हणतात, त्यात काही तथ्य आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग मोटारीच्या धुरातले नत्रही खतच की! तसे नाही. वीज आभाळात पडते, मोटार आपल्या नाकापुढे उभी असते. नत्राच्या ऑक्साइडांपैकी नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू श्वासनलिकेला झोंबतो, दमेकऱ्याचा दमा उठवतो, लहान मुलांची फुप्फुसे दुबळी करतो. भारताने २००९ साली ठरविलेल्या मानकांप्रमाणे वर्षाच्या सरासरीने एक घनमीटर हवेत तो ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली शिफारस १० वर आणली. याच वायूंपासून पुढे हवेत नायट्रेटची अतिसूक्ष्म धूळ बनते. आणि उन्हात, इतर वाफांच्या संगतीने, त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर असलेला ओझोन आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन पानांच्या छिद्रांतून आत शिरून पाने करपवतो. गहू, सोयाबीन, कापूस ही पिके त्याला विशेष नाजूक आहेत. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन आणि कापूस किती आहे, हे मी सांगायला नको.

तेव्हा या वायूंची निर्मिती कमी करायची, तर ज्योतीचा ताप उतरवला पाहिजे. तो उतरवावा कसा?

घरी चुलीचा ताप कमी करायचा तर आपण काय करतो? फुंकणी बाजूला ठेवतो. वारा कमी झाला की जाळ मंद होतो. एंजिनातही तेच केले आहे, फक्त वारा कमी करण्याऐवजी त्यात मिसळ केली आहे. जळून बाहेर चाललेल्या धुरातला काही भाग एका नळीने परत आत येणाऱ्या हवेत सोडतात. नळीच्या तोंडाशी एक झडप असते, आणि ती किती उघडायची हे गाडीतला संगणक ठरवतो. या योजनेची इंग्रजी आद्याक्षरे म्हणजेच ई.जी.आर.; आपण तिला परतीची झडप म्हणू. परत आलेल्या धुरात प्राणवायू कमी, कर्बवायू आणि वाफ जास्त. हे दोन्ही वायू स्वतः जळत नाहीत. उलट ज्योतीची उष्णता पिऊन घेतात. वर पुष्कळ गाड्यांत हा धूर एंजिनाच्याच पाण्याने थंड करून मग आत सोडतात. परिणामी डिझेल जळते, पण त्याचा भडका उडत नाही. आत जाणाऱ्या वायूचा पाचवा हिस्सा असा परतीचा असला, तर नत्राची ऑक्साइडे साधारणपणे निम्म्यावर येतात. उपाय किती साधा, आणि गुण केवढा!

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रकार वर्गात दाखवावा. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्या. एक बरणी बादलीतल्या पाण्यात भरून उपडी धरा आणि रबरी नळीने तिच्यात श्वास सोडा. पाणी बाहेर जाईल आणि बरणी उच्छ्वासाने भरेल. पाण्यातच तिच्या तोंडावर झाकण धरून ती बाहेर काढा. दुसरी बरणी साध्या हवेची. मग दोन पेटत्या मेणबत्त्यांवर दोन्ही बरण्या एकदमच पालथ्या घाला. उच्छ्वासाच्या बरणीतली ज्योत लगेच मंदावते आणि आधी विझते. आपल्या उच्छ्वासात प्राणवायू सोळा-सतरा टक्के उरतो आणि कर्बवायू चार टक्क्यांपर्यंत जातो. तेवढ्या फरकाने ज्योतीची ही दशा होते. ज्योत मंदावते तो क्षण मुलांना नीट पाहू द्यावा. एंजिनात ती विझू द्यायची नसते, फक्त मंदावू द्यायची असते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते, की धुरात अर्धेकच्चे डिझेल उरलेले असते, ते परत नेऊन जाळतात आणि म्हणून यात बचत आहे. मला ही गोष्ट एका शिकल्यासवरल्या माणसाने छातीठोकपणे सांगितली. ती खरी नाही. धड चालणाऱ्या डिझेल एंजिनाच्या धुरात न जळलेले इंधन अगदी थोडे असते. धूर परत नेतात तो जाळण्यासाठी नव्हे, जागा अडवण्यासाठी; धान्याच्या पोत्यात कोणी भुसा मिसळावा तसा.

मग भुसा मिसळला, तर भाकरीला पीठ कमी पडणारच. मिस्त्रीची तक्रार इथवर बरोबर आहे. परतीच्या झडपेपायी डिझेल थोडे जास्त जळते. ज्योत मंद आणि लांबट झाली की दट्ट्या खाली गेल्यावरही थोडे डिझेल जळतच राहते. त्या उष्णतेचे काम होत नाही, ती सायलेन्सरवाटे निघून जाते. शिवाय धूर आत ढकलायचा तर बाहेरच्या वाटेवर दाब ठेवावा लागतो, आणि तो दाब एंजिनालाच आपल्या बळावर उचलावा लागतो. टर्बोकडे जाणारा धूरही तेवढा कमी होतो. तिसरी गोष्ट काजळीची. प्राणवायू कमी पडला की काजळी वाढते. बी.एस. ६ च्या गाड्यांत ही काजळी गाळण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर गाळणी बसवलेली असते. ती भरली की संगणक जादा डिझेल सोडून तिच्यातली काजळी सहाशे अंशांच्या तापाने जाळून टाकतो. ते डिझेल तुमच्या टाकीतलेच.

हे सगळे मिळून किती? एंजिनाची रचना, रस्ता, ओझे यांवर ते अवलंबून आहे. पण थंड केलेला धूर नीट मोजून परत घेणाऱ्या चांगल्या एंजिनात हा तोटा साधारण शेकडा एक ते तीन इतकाच असतो. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालणारी, पंधराची गाडी घ्या. तिला सुमारे १,३३३ लिटर डिझेल लागते. त्याचे दोन टक्के म्हणजे २७ लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर वर्षाचे २,४३० रुपये झाले. रक्कम अगदीच सोडून देण्यासारखी नाही, हे मी कबूल करतो. कुटुंबाचे पोट ज्या जीपवर आहे, तिच्या मालकाला तर नाहीच नाही.

पण हा तोटा कशाच्या तुलनेत, हेही विचारले पाहिजे. परतीची झडप नव्हती तेव्हा नत्राची ऑक्साइडे कमी करण्याचा हुकमी उपाय एकच होता. डिझेलचा फवारा जरा उशिरा मारायचा, ज्याला गॅरेजमध्ये ‘टायमिंग मागे घेणे’ म्हणतात. जुन्या पंपाच्या एंजिनावर ज्याने हात काळे केले आहेत, त्याला विचारा. टायमिंग मागे घेतले की ज्योत थंड होते, पण डिझेलही बरेच खाते आणि धूरही करते. परतीची झडप आल्यावर फवारा पुन्हा वेळेवर मारण्याची मुभा मिळाली. म्हणजे, हवेचा नियम पाळायचाच असे एकदा ठरले, तर या झडपेने डिझेल वाचवले असे म्हणावे लागते. आणि नियम धाब्यावर बसवायचा असे ठरले, तर तिने डिझेल खाल्ले असे म्हणावे लागते. एकच झडप, हिशेब कोणत्या वहीत मांडता त्यावर सगळे आहे.

पेट्रोलच्या गाड्यांत तर हीच झडप ॲव्हरेज वाढवते. तिथे हवेची वाट एका पडद्याने अडवलेली असते, आणि अर्धवट बंद पडद्यातून हवा ओढण्यात एंजिनाची शक्ती वाया जाते. धुराने थोडी जागा भरली की तो पडदा जास्त उघडता येतो. डिझेलला असा पडदा बांधलेला नसतो, म्हणून तो लाभही नाही. पेट्रोलबद्दलचे ऐकीव ज्ञान डिझेलला लावू नये, एवढ्यापुरतेच हे सांगितले.

आता माझ्या गाडीकडे येतो. तिचे ॲव्हरेज पंधरावरून तेरावर आले होते. म्हणजे तोटा दोन टक्के नव्हे, तेरा टक्क्यांच्या वर. निरोगी झडप एवढे खात नाही. शिवाय चढावर एंजिनाला पुरे बळ लागते तेव्हा संगणक ही झडप बंद करतो किंवा बंदच्या जवळ आणतो, कारण त्या वेळी हवेचा कण न् कण हवा असतो. मग माझी गाडी चढावर का धापा टाकत होती? मी मिस्त्रीला म्हटले, “बाबा रे, पत्रा राहू दे. आधी खोलून तर बघ.” त्याने थोड्या नाराजीनेच झडप खोलली. आत डांबर बसावे तसा काळा थर होता. नळीचे तोंड अर्धे बुजले होते आणि झडप अर्धवट उघड्या स्थितीतच चिकटून बसली होती. संगणक ‘बंद हो’ म्हणत होता, ती ऐकत नव्हती. चढावर एंजिनाला निर्मळ हवा पाहिजे, तेव्हाही त्याला उष्टेच वाढले जात होते.

दोष माझाही होता. घर ते महाविद्यालय सहा किलोमीटर. एंजिन पुरते तापण्याआधी गाडी बंद. उन्हाळ्यात वातानुकूलन चालू ठेवून झाडाखाली उभी, एंजिन चालूच. थंड एंजिनातली काजळी आणि तेलाची वाफ एकत्र आली की तिचा असा चिकट लगदा होतो. त्यातून आपल्याकडची धूळ. हवेची जाळी चोंदली की प्राणवायू आणखी कमी आणि काजळी आणखी जास्त. वाटेत दर दोन मैलांवर थांबणाऱ्या, सवारीची वाट पाहत एंजिन चालू ठेवणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपांचे हेच होते. लांब पल्ल्यावर एका वेगाने चालणाऱ्या गाडीची झडप त्या मानाने स्वच्छ राहते.

मिस्त्रीने झडप आणि नळी धुऊन काढली, हवेची जाळी बदलली. त्यानंतरच्या चार टाक्यांचे मोजमाप मी वहीत लिहून ठेवले. गाडी पावणेपंधरावर आली.

आता पाहा गंमत. मिस्त्रीने पत्रा टाकला असता तर काय झाले असते? निरोगी झडपेचा दोन टक्के तोटाही वाचला असता आणि गाडी पंधराच्या किंचित वर गेली असती. तेरावरून पंधरा! ‘दोन किलोमीटर वाढतील’ हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले असते. मिस्त्री खोटे बोलत नव्हता. पण त्या दोन किलोमीटरांतले पावणेदोन झडप साफ केल्याने मिळणारे होते आणि जेमतेम पाव किलोमीटर तिला कायमची बंद केल्याने. पत्रा टाकणारे सगळे लोक तुलना करतात ती आजारी झडप आणि बंद झडप यांची. निरोगी झडप आणि बंद झडप यांची तुलना कोणी करतच नाही. कारण झडप आजारी पडल्याशिवाय गॅरेजला जातो कोण? वर सांगितलेला हिशेब इथे पुन्हा लावून बघा. तेरा आणि पंधरा यांतला फरक वर्षाला दोनशे लिटरांचा आहे, आणि निरोगी झडप खाते ते २७ लिटरांच्या आसपास.

त्या पाव किलोमीटरसाठी काय मोजावे लागते? झडप बंद केली की ज्योतीचा ताप पुन्हा चढतो आणि नत्राची ऑक्साइडे दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतात. पण, आणि हीच सर्वांत फसवी गोष्ट आहे, काळा धूर कमी होतो. प्राणवायू भरपूर मिळाल्याने काजळी घटते. मालकाला वाटते, गाडी स्वच्छ झाली. पी.यू.सी. काढायला गेला तर तिथेही शाबासकी मिळते; कारण डिझेल गाडीची पी.यू.सी. तपासणी धुराचा काळेपणा मोजते, नत्राची ऑक्साइडे मोजत नाही. डोळ्याला दिसणारे पाप गेले आणि न दिसणारे वाढले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करण्यास मनाई आहे, हे खरे; पण सायलेन्सरमागे उभे राहून तो ओळखणार कोण? नव्या बी.एस. ६ गाड्यांत मात्र संगणक तो ओळखतो. धूर परत येत नाही असे कळताच तो समोर पिवळा दिवा लावतो आणि पुष्कळ गाड्यांत एंजिनाचे बळही आखडते. मग त्या संगणकालाच फसवणारे लोक भेटतात. हे प्रकरण असे वाढत जाते.

संगणकाला फसवण्याची सर्वांत मोठी कहाणी आपल्या शेजारच्या रस्त्याशी जोडलेली आहे. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाताना शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथे स्कोडाचा मोटार कारखाना आहे. ही कंपनी जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहातली. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनचे बिंग फोडले. तिच्या डिझेल गाड्यांच्या संगणकात अशी सोय होती, की गाडी तपासणीच्या यंत्रावर आहे हे त्याने ओळखावे. युरोपात विकलेल्या गाड्यांत तर हा सारा खेळ आपल्या या परतीच्या झडपेचाच होता. तपासणी चालू असताना धूर भरपूर परत घ्यायचा. गाडी रस्त्यावर आली की कमी. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ही करामत असल्याचे कंपनीने कबूल केले. भारतात पुण्याच्या ए.आर.ए.आय. या संस्थेने गाड्यांची तपासणी केल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले. आपण भारतातील नियम मोडलेला नाही, असे तिचे म्हणणे होते. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला; त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करू नये असा आदेश दिला.

जे काम जर्मनीतल्या निष्णात अभियंत्यांनी संगणकात लपवून केले, तेच आपला मिस्त्री उघड्यावर तीन इंच पत्र्याने करतो. एका प्रकरणात जग हादरले, दुसऱ्यात कोणी मान वर करून पाहत नाही. या प्रकरणाचा एक चांगला परिणाम झाला. गाड्यांची तपासणी केवळ प्रयोगशाळेत न करता प्रत्यक्ष रस्त्यावर, गाडीवर उपकरण बांधून करण्याची पद्धत जगभर रुजली. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना ती लागू झाली.

जालन्यात विषय डिझेलचा निघाला आणि लोखंडाच्या ट्रकांचा निघाला नाही, असे होत नाही. एप्रिल २०१७ मध्ये बी.एस. ४ चे नियम देशभर आले, तेव्हा मोठ्या ट्रकांसाठी दोन वाटा पुढे आल्या. अशोक लेलँडने मोठ्या एंजिनांतही परतीच्या झडपेची वाट धरली. टाटा मोटर्सने मोठ्या एंजिनांसाठी दुसरी वाट घेतली: ज्योत गरमच ठेवायची, त्यामुळे डिझेल कमी जळते, आणि तयार झालेली नत्राची ऑक्साइडे सायलेन्सरच्या वाटेवर युरियाच्या पाण्याने मारायची. त्यांचा पुन्हा साधा नत्रवायू आणि पाणी होते. शंभर लिटर डिझेलमागे हे पाणी साधारण चार-पाच लिटर लागते. ट्रकवाल्यांत कोणती वाट बरी यावर त्या वेळी पुष्कळ वाद रंगले. एकात डिझेल थोडे जास्त, दुसऱ्यात युरियाची टाकी आणि तिची निगा. २०२० मध्ये बी.एस. ६ आल्यावर मोठ्या गाड्यांत बहुधा दोन्ही उपाय एकत्र नांदू लागले.

युरियाचे नाव निघाले म्हणून शेतकरी बांधवांना एक सूचना. गाडीच्या टाकीतले ते पाणी म्हणजे अतिशुद्ध युरियाचे ३२.५ टक्क्यांचे द्रावण असते. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून कोणी त्यात ओतू नये. २०१५ पासून आपला शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. त्याने सायलेन्सरमधले महागडे यंत्र चोंदून निकामी होते. ट्रॅक्टरवाल्यांनीही ऐकून ठेवावे. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक नियम लागू झाले आहेत, तेव्हा असली यंत्रे हळूहळू शेतातही येत आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाची. देशातल्या ज्या शहरांची हवा मानकांत बसत नाही, त्यांच्यासाठी २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला. त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर जालना आहे. त्याला कारण मुख्यतः धूळ. रस्त्यांची, भट्ट्यांची, जाळलेल्या कचऱ्याची. सगळा बोजा डिझेल गाड्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण जिथे हवा आधीच जड आहे, तिथे आणखी एक न दिसणारा वायू कोणाच्या छातीत जातो, हे बसस्थानकाजवळ दिवसभर पेरू विकत बसणाऱ्या बाईला पाहिले की मला आठवते. पाव किलोमीटर माझ्या खिशात येतो, आणि त्याचे बिल तिच्या नावावर फाटते. त्यावर तिची सही कोणी घेतलेली नसते.

ज्यांना डिझेल वाचवायचेच आहे, त्यांच्यासाठी याहून मोठ्या जागा आहेत. समृद्धी महामार्गावर लागलो की पाय आपोआप दाबला जातो. वेग ऐंशीवरून शंभरावर नेला की वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. एकशेवीसवर नेला की सव्वादोनपट. चाकांत हवा कमी असली, टपावर ओझे बांधले, उभ्या गाडीचे एंजिन उगाच चालू ठेवले, तर जे डिझेल जाते त्यापुढे निरोगी झडपेचे दोन टक्के किरकोळ आहेत. बी.एस. ६ ची गाडी असेल आणि काजळीच्या गाळणीचा दिवा लागला, तर गाडी बंद करू नये. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने वीस-पंचवीस मिनिटे चालवावी, म्हणजे गाळणी आपली आपण साफ होते. मध्येच बंद केली तर तेवढे जादा डिझेलही वाया जाते आणि काजळीही तशीच राहते.

माझ्या शेजारी एक जीपवाले राहतात. भोकरदनच्या रस्त्यावर त्यांची फेरी असते. त्यांनी गेल्या दिवाळीत पत्रा टाकून घेतला आणि ॲव्हरेज वाढल्याचे मला आनंदाने सांगितले. मी माझी वही त्यांना दाखवली. ते म्हणाले, “सर, तुमचं पटतं; पण झडप धुवायला गाडी दिवसभर उभी ठेवावी लागते. दिवसाची कमाई बुडते, ती कोण देतो?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नव्हते. मी एवढेच म्हटले, की दोन महिन्यांनी टायर बदलायला गाडी उभी राहणार आहे, त्याच दिवशी पत्रा काढून झडप धुऊन घ्या आणि मोजून बघा. ते ‘बघू’ म्हणाले आहेत.

मोजायचे कसे, तेवढे सांगून थांबतो. कारण समोरच्या पडद्यावरचा आकडा अंदाजाचा असतो. एकाच पंपावर, शक्य तर सकाळी, टाकी भरून पहिला खटका पडेपर्यंत डिझेल घ्यावे आणि किलोमीटरचा आकडा लिहावा. निदान तीनशे किलोमीटर गाडी नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी चालवावी. पुन्हा त्याच पंपावर पहिल्या खटक्यापर्यंत भरावी. चाललेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागावे. एका टाकीवर विश्वास ठेवू नये. तीन-चार टाक्यांची सरासरी काढावी. मिस्त्रीला आधी तो आकडा दाखवावा, आणि मग बॉनेट उघडू द्यावे.